जुन्या इंग्रजीत अनोळखी शब्द फसवत नाहीत, ओळखीचे फसवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.ला शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन अभ्यासाला आहेत. ‘दाऊ’, ‘हिदर’, ‘अनॉन’ अशा जुन्या शब्दांची लांबलचक यादी हाताशी आहे, ती पाठ करावी का? शिवाय घरी आजोबांच्या वेळचा इंग्रजी भाडेपट्टा आहे, त्याचीही भाषा याच वळणाची वाटते. ती कशी लावायची?

महाविद्यालयात बरीच वर्षं हेच शिकवलं आणि आता जुने इंग्रजी दस्तऐवज मराठीत करून देण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादी पाठ करू नका. यादीत जे शब्द असतात ते दिसायलाच परके असतात. ‘अनॉन’ दिसला की आपण थांबतो, कोश उघडतो, अर्थ बघतो आणि पुढे जातो. तिथे फारसं चुकत नाही. चुकतं ते जिथे आपण थांबतच नाही तिथे. जो शब्द आपण रोज वापरतो, तोच चारशे वर्षांपूर्वी भलत्याच अर्थाने वापरात होता आणि त्याच्या कपाळावर तसं काही लिहिलेलं नसतं.

1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमधलं एक वाक्य बघा. मार्कच्या शुभवर्तमानात हेरोदियाची मुलगी राजाकडे योहानाचं मस्तक मागते. ती म्हणते, ते मला ‘बाय अँड बाय इन अ चार्जर’ द्या. वाक्यात एकही अवघड शब्द नाही. आजचा विद्यार्थी सरळ वाचतो, ‘बाय अँड बाय’ म्हणजे हळूहळू, पुढेमागे कधीतरी. ‘चार्जर’पाशी मात्र तो गोंधळतो. तेव्हा ‘बाय अँड बाय’चा अर्थ होता ताबडतोब. आणि ‘चार्जर’ म्हणजे मोठं पसरट ताट. ‘चार्ज’चा मूळ अर्थ भार, ओझं, ज्यावर पदार्थांचा भार ठेवायचा ते ताट म्हणजे चार्जर. तेव्हा मुलगी म्हणते आहे, ‘तबकात घालून, आत्ताच्या आत्ता.’ मागणीतली क्रूर घाई आपण वाचली नाही तर सगळा प्रसंगच ढिला पडतो.

वेळ दाखवणाऱ्या शब्दांचं तर हे ठरलेलंच आहे. ‘प्रेझेंटली’ शेक्सपिअरच्या काळात ‘या क्षणी’ होता, पुढे ‘थोड्या वेळाने’ झाला. ‘अनॉन’ मुळात ‘एका दमात, लगेच’ होता. ‘सून’सुद्धा जुन्या काळी ‘लगेच’ याच अर्थाचा होता. माणसं ‘लगेच’ म्हणतात आणि वेळ लावतात, म्हणून शब्दाचा अर्थच मागे सरकतो. आपल्याकडे ‘आलोच’ म्हणणारा किती वेळाने येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाटकात राजा ‘प्रेझेंटली’ म्हणाला की आधी ‘तत्काळ’ हाच अर्थ लावून बघा, बहुतेक वेळा तोच बसतो.

दुसरा फसवा शब्द ‘लेट’. हा प्रत्येक भारतीयाच्या पासपोर्टात आहे. राष्ट्रपतींच्या नावे केलेल्या विनंतीत म्हटलेलं असतं की धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. लेट म्हणजे होऊ देणं, मग ‘होऊ देण्याशिवाय’ जाऊ द्यायचं म्हणजे काय? इथे दोन वेगळी क्रियापदं आहेत. एकाचा अर्थ होऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं. जुन्या इंग्रजीत त्यांची रूपं निराळी होती, पुढे उच्चार एक झाला. अडवण्याचा ‘लेट’ मागे पडला, पण कायद्याच्या भाषेत आणि टेनिसच्या मैदानावर टिकला. सर्व्हिस जाळीला अडखळून पडते तेव्हा पंच ‘लेट’ म्हणतात तो हाच. भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट आपल्याला धरून ठेवणाऱ्या मित्रांना म्हणतो की जो मला ‘लेट’ करेल त्याचं मी भूत करीन. म्हणजे जो अडवेल त्याचं. आजचा अर्थ लावला तर वाक्य बरोबर उलटं होतं.

अशी जोडी लागली की बाकीची उदाहरणं आपोआप दिसू लागतात. बायबलमधला स्तोत्रकार म्हणतो, मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं. त्याने पहाट थांबवली नाही, तो पहाटेच्या आधी उठला. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे लॅटिनमध्ये आधी येणं. ‘आय शॅल नॉट वाँट’ म्हणजे मला काही नको असं नव्हे, मला काही उणं पडणार नाही. येशू म्हणतो, मुलांना माझ्याकडे येण्यासाठी ‘सफर’ करा, म्हणजे येऊ द्या. ‘द क्विक अँड द डेड’मधले ‘क्विक’ म्हणजे चपळ नव्हेत, जिवंत. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात ते तो जिवंत असल्यासारखा पळतो म्हणून, आणि नखाखालचं हुळहुळं मांस ते ‘क्विक’. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला धान्य आणि फळं देतो आणि म्हणतो, हे तुम्हाला ‘मीट’ होईल. मांस नव्हे, अन्न. आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानांवर अजून ‘स्वीटमीट’ अशी पाटी दिसते, त्यातला ‘मीट’ हाच जुना, पूर्ण शाकाहारी.

आता ‘दाऊ’कडे वळू. इथे मराठी माणसाला आजच्या इंग्रजी माणसापेक्षा सोपं जातं, आणि आपले शिक्षक ते सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. इंग्रजीत एकेकाळी तू आणि तुम्ही हे दोन्ही होते. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ म्हणजे तुझा. ‘दाईन’ म्हणजेही तुझा, पण पुढे नाम नसेल तेव्हा किंवा नाम स्वराने सुरू होत असेल तेव्हा. ‘यी’ म्हणजे तुम्ही, कर्ता म्हणून, आणि ‘यू’ म्हणजे तुम्हाला. पुढे ‘यू’ने ‘यी’ची जागा घेतली आणि सतराव्या शतकात ‘दाऊ’लाही बाजूला सारलं. उत्तर इंग्लंडच्या बोलीत, यॉर्कशायर-लँकशायरकडे, ‘दा’ म्हणून तो बराच काळ जिवंत राहिला.

तू कुणाला म्हणायचं याचे त्यांचे नियम आपल्याला शिकवावे लागत नाहीत. लहानाला, नोकराला, जिवलगाला, रागाच्या भरात शत्रूला, आणि देवाला. आपण विठोबाला ‘तू’ म्हणतो, ‘आपण’ म्हणत नाही. त्यांच्या प्रार्थनांत देव ‘दाऊ’ आहे तो याच जवळिकीने. आज इंग्रजांनाच ‘दाऊ’ हा फार आदराचा, सोवळ्यातला शब्द वाटतो, कारण तो त्यांच्या कानावर फक्त चर्चमध्ये पडतो. तो तसा मुळीच नव्हता. 1603 साली वॉल्टर रॅले या दरबारी आणि दर्यावर्दी माणसावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ इथे ‘दाऊ’ क्रियापद झालं आहे. आजच्या इंग्रजीत याला प्रतिशब्द नाही, मराठीत तयार आहे: ‘मी तुला अरेतुरेच करणार, गद्दारा!’ त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवलं की देवासमोर सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणायचं. त्यापायी त्यांनी शिव्या आणि मारही खाल्ला. मामलेदाराला भर कचेरीत ‘अरे’ म्हणून हाक मारली तर काय होईल ते आठवा, म्हणजे त्यांच्या धाडसाचा अंदाज येईल.

नाटक वाचताना हा फरक फार जपून बघा. हॅम्लेट आईच्या महालात येतो. आई म्हणते, ‘हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.’ तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस. ती नव्या नवऱ्याबद्दल बोलते आहे. मुलगा उलट म्हणतो, ‘मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.’ तो मेलेल्या बापाबद्दल बोलतो आहे. वाक्य तेच, बाप वेगळा. राणीला मुलाने ‘यू’ म्हणणं त्या काळी रीतीचंच होतं, त्यात विशेष काही नाही. खरी गंमत पुढच्या ओळीत आहे. आई दुखावते आणि ताबडतोब ‘दाऊ’ सोडून मुलाला ‘यू’ म्हणू लागते. चिडलेली मराठी आई मुलाला ‘तुम्ही आता मोठे झालात, आमचं कशाला ऐकाल’ म्हणते ना, नेमकं तेच. आजच्या इंग्रज प्रेक्षकाच्या कानाला हा बदल लागत नाही, त्याला टीप द्यावी लागते. तुम्हाला तो टिपेशिवाय ऐकू आला पाहिजे. माझ्या वर्गात हा उतारा मी आधी मराठीतच मोठ्याने वाचून घेत असे. मुलं ‘तुम्ही’पाशी एकदम ताठ बसायची.

क्रियापदाचं एकच सूत्र लक्षात ठेवा. ‘दाऊ’च्या पुढे शेवटी ‘स्ट’ किंवा ‘ट’ येतो: आर्ट, हॅस्ट, डस्ट, विल्ट, शॅल्ट. शेवटी ‘थ’ येतो तो फक्त तो-ती-ते यांच्यासाठी: हॅथ, डथ, गोएथ. हौशी लोक जुना थाट आणायला ‘आय गोएथ’ लिहितात, ते साफ चूक आहे.

इकडे-तिकडेच्या शब्दांतही मराठी असंच कामाला येतं. आजच्या इंग्रजीत ‘हिअर’ म्हणजे इथेही आणि इकडेही. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन वेगळी घरं होती. इथे, तिथे, कुठे: हिअर, देअर, व्हेअर. इकडे, तिकडे, कुणीकडे: हिदर, दिदर, व्हिदर. इथून, तिथून, कुठून: हेन्स, देन्स, व्हेन्स. नऊ शब्द, तीन ओळी, पाठ करण्यासारखं काही उरत नाही. ‘व्हेन्स’मध्ये ‘कुठून’मधला ‘ऊन’ हा प्रत्यय आधीच आहे, म्हणून काटेकोर लोक ‘फ्रॉम व्हेन्स’ लिहू नका म्हणतात. पण 1611च्या बायबलमध्येच ते आहे, तेव्हा त्यावरून कुणाला चूक काढू देऊ नका. ‘यॉन’, ‘यॉन्डर’ म्हणजे तो पलीकडचा, दृष्टीच्या टप्प्यातला.

याच घराण्यातला ‘व्हेअरफोर’. ज्युलिएट सज्जात उभी राहून ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणते, आणि जाहिरातीपासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळे तिला कपाळावर हात धरून रोमिओला शोधायला लावतात. ती त्याला शोधत नाही. ‘व्हेअरफोर’ म्हणजे कशासाठी, का. ‘तू रोमिओच का आहेस?’ वैऱ्याच्या घराण्याचं नाव तुला का मिळालं, हे तिचं दुःख आहे. पुढे ती नावाबद्दलच बोलत राहते, गुलाबाचं ते प्रसिद्ध वाक्य तिथेच येतं. ‘कुठे आहेस’ असा अर्थ घेतला तर त्या पुढच्या बोलण्याचा काही संबंधच लागत नाही.

या शब्दाची घडण समजली की तुमचा भाडेपट्टाही अर्धा उलगडतो. जोडशब्दात ‘हिअर’ म्हणजे हे, ‘देअर’ म्हणजे ते, ‘व्हेअर’ म्हणजे जे किंवा काय. ‘हिअरइन’ यात, ‘देअरइन’ त्यात, ‘व्हेअरइन’ ज्यात. ‘हिअरऑफ’ याचा, ‘देअरऑफ’ त्याचा, ‘व्हेअरऑफ’ ज्याचा. दस्तऐवजात ‘हिअर’ म्हणजे बहुतेक वेळा ‘हा लेख’. तेव्हा ‘हिअरइनआफ्टर कॉल्ड द लेसर’ म्हणजे ‘ज्यांना या लेखात यापुढे पट्टा देणार म्हटले आहे ते’. ‘द सेड’ आणि ‘अफोरसेड’ म्हणजे आपले ‘सदर’ आणि ‘मजकूर’. आपल्या जुन्या खतांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात, तिथे ‘लेसर’ आणि ‘लेसी’.

दस्तऐवजात जोडीजोडीने शब्द दिसतील, ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’. 1066 साली नॉर्मन आले आणि कायद्यात फ्रेंच-लॅटिन शिरली. दोन्हीकडच्यांना कळावं, काही सुटू नये, म्हणून देशी शब्दाला परका जोडायची सवय लागली. आपले ‘धनदौलत’ आणि ‘कागदपत्र’ तसेच, एक शब्द संस्कृतातला, दुसरा अरबी-फारसीतला. अशा जोडीत दोन वेगळ्या वस्तू शोधत बसू नका. कुलमुखत्यारपत्राच्या डोक्यावर ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’ असतं, तिथे भेटवस्तूंचा संबंध नाही; ‘प्रेझेंट्स’ म्हणजे समोर हजर असलेला हा लेख. ‘मेसुएज’ म्हणजे घर आणि त्याभोवतीची वाडी-आवार. ‘इंडेंचर’ म्हणजे दोन पक्षांतला लेखी करार, आणि त्या शब्दात ‘दात’ आहे: एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहून मधून दातेरी कापायचे, एकेक तुकडा एकेकाकडे. भांडण झालं की दाते जुळवून बघायचे. खोटा कागद जुळत नसे.

पट्ट्यातले दोन शब्द मात्र पैशाशी संबंधित आहेत, म्हणून नीट बघा. ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ वाचून मालक वारला असं समजणारे मला भेटले आहेत. ‘डिमाइज’ म्हणजे मुळात हक्क दुसऱ्याकडे देणं. ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे पट्ट्याने दिलेली मिळकत. राजा मेला की राज्याचा हक्क वारसाकडे जातो, त्याला ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणत, आणि त्यावरून हा शब्द मृत्यूला चिकटला. दुसरा शब्द ‘डिटरमिन’. आज त्याचा अर्थ ठरवणं. पट्ट्यात त्याचा अर्थ संपणं, कारण लॅटिन ‘टर्मिनस’ म्हणजे शेवट, हद्द. हे केवळ जुनंपुराणं नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 111 ‘डिटरमिनेशन ऑफ लीज’ याच मथळ्याचं आहे आणि त्यात पट्टा कसकसा संपतो ते सांगितलं आहे. तुमच्या कागदात ‘ऑन द डिटरमिनेशन ऑफ द सेड टर्म’ असेल तर ती ‘सदर मुदत ठरल्यावर’ नव्हे, ‘सदर मुदत संपल्यावर’ आहे. मुदत संपूनही जो राहतो तो ‘टेनंट अॅट सफरन्स’, आणि हा ‘सफर’ वर आला तोच: होऊ देणं, चालवून घेणं. अर्थ एवढा लागला तरी हक्काचा प्रश्न असेल तर कागद वकिलाला दाखवाच.

ऑस्टिनकडे येताना सावधपणा आणखी वाढवा, कारण तिची भाषा आजच्यासारखीच दिसते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ 1813चं. त्यात कॉलिन्स हा पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या ‘कन्डिसेन्शन’ची तोंड भरून स्तुती करतो. आज हा शब्द शिवीसारखा आहे, तुच्छतेने वागणं. तेव्हा तो गुण होता: मोठ्या माणसाने आपली पायरी विसरून लहानांशी मिळूनमिसळून वागणं. कॉलिन्स मनापासून बोलतो आहे. हसू येतं ते बाई तशी नाही म्हणून. ‘कँडर’ म्हणजे आज स्पष्टवक्तेपणा, तिच्याकडे मात्र दुसऱ्याबद्दल चांगलंच मानण्याची वृत्ती, याच कादंबरीतल्या थोरल्या बहिणीसारखी, जेन बेनेटसारखी. आणि तिच्याच ‘एमा’ कादंबरीत एल्टन बग्गीत एमाला ‘मेकिंग व्हायोलंट लव्ह’ करतो, तेव्हा दचकू नका. तो आवेगाने प्रेम व्यक्त करतो आहे, बोलून. तेवढंच.

काही शब्द तिकडे जुने झाले आणि आपल्या बोलण्यात अजून ताजे आहेत, हेही बघण्यासारखं आहे. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री; तो ब्रिटनमध्ये अजून चालतो, अमेरिकेत मात्र जुना वाटतो. त्याची धाकटी बहीण ‘सेनाइट’, सात रात्री, ऑस्टिनमध्ये भेटेल. ‘स्कोअर’ म्हणजे वीस. लिंकनने 1863 साली गेटिसबर्गच्या भाषणात ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ म्हटलं ते सत्त्याऐंशी, 1776 पासूनची वर्षं. आपल्या खेड्यांतली ‘चार विसा आणि सात’ ही मोजणी तीच. गाडीची ‘डिकी’ मुळात घोडागाडीच्या मागच्या बाजूच्या नोकराच्या जागेला म्हणत. ‘स्टेपनी’ हे वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं; 1904च्या सुमारास, मोटारी जादा चाकाशिवाय येत तेव्हा, तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर बसवायचं चाक काढलं. ब्रिटनमध्ये हा शब्द आता कुणाला कळत नाही, आपल्याकडे पंक्चरवाल्या पोराला कळतो.

कोश कोणता वापरायचा? शेक्सपिअरसाठी तळटीपा असलेली आवृत्ती घ्या, कोरी संहिता घेऊ नका. शंका आली तर ऑक्सफर्डचा मोठा कोश बघा; 1884 ते 1928 या काळात भाग-भाग करून तो पहिल्यांदा पुरा झाला. त्यात अर्थ काळाच्या क्रमाने असतात, सर्वांत जुना आधी, आणि प्रत्येकाखाली सालासकट वापराचे दाखले. आधी तुमच्या पुस्तकाचं साल बघा, मग त्या सालाला कोणता अर्थ चालू होता ते दाखल्यांत शोधा. फोनवरचा कोश नेमकं उलट करतो, आजचा अर्थ वर आणि जुना तळाशी, म्हणून तो या कामाला अपुरा आहे. ‘ऑब्सोलीट’ अशी खूण असेल तर शब्द मेला, ‘आर्केइक’ असेल तर मुद्दाम जुना रंग आणायला अजून वापरतात. हा फरक परीक्षेतही विचारतात.

इंग्रजी-मराठी कोशावर यासाठी विसंबू नका. उलट मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडाल, 1831चा किंवा 1857च्या दुसऱ्या आवृत्तीचा, तेव्हा त्यातली इंग्रजी ऑस्टिनच्या पिढीची आहे हे ध्यानात असू द्या. मराठी शब्द कळायला मोल्सवर्थ आणि मोल्सवर्थची इंग्रजी कळायला ऑक्सफर्ड, असे दोन कोश तेव्हा शेजारी शेजारी लागतात.

आणि वाचताना पेन्सिल घेऊन बसा. अनोळखी शब्दाखाली रेघ मारू नका, तो तुम्हाला तसाही थांबवेल. ज्या वाक्यात सगळे शब्द कळले पण वाक्य वेडंवाकडं वाटलं, त्या वाक्याखाली रेघ मारा आणि त्यातला सगळ्यांत सोपा शब्द आधी कोशात बघा.